दख्खनी मेंढीची लोकर, मांस आणि गोवंडीचा बाजार

हार्बर रेल्वेच्या गोवंडी स्थानकापासून जवळच देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना आहे. वांद्रें येथील जुन्या कत्तलखान्याचें काम सन १९७१ मध्यें येथें आलें आणि शेजारीं शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार भरूं लागला. माण, फलटण, सांगोला या कोरड्या तालुक्यांत वाढलेल्या मेंढीला काय भाव यावयाचा, हें मुंबईची मागणी बऱ्याच अंशीं ठरविते. मांसासाठीं घेणारा व्यापारी लोकर पाहत नाहीं. तो मेंढीच्या कमरेवर व कण्याच्या दोन्ही अंगांस बोटें दाबून पाहतो आणि भाव बोलतो. ज्यांनीं धनगराकडे अर्धलीनें मेंढ्या लावल्या आहेत, किंवा घरचा कळप बाळगला आहे, त्या शेतकरी बंधूंनीं हें ध्यानांत ठेवून पैदाशीचा मेंढा निवडावा, यासाठींच हा लेख.

दख्खनी मेंढी पूर्वापार दुहेरी उपयोगाची. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानतात. रंग बहुधा काळा, बांधा लहान. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस ते अठ्ठावीस किलो भरते. लोकर वर्षांतून दोनदां कातरतात व ती सर्व मिळून अर्ध्या किलोच्या आसपास निघते. ही लोकर जाड व केसाळ. तिचें मऊ कापड होत नाहीं, घोंगडें मात्र उत्तम होतें. सणगर विणकर त्यास चिंचोक्याची खळ देतात. असें घोंगडें पावसांत ज्यानें डोक्यावर घेतलें आहे, त्याला त्याची महती सांगावयास नको. परंतु गिरणीचें ब्लँकेट व प्लॅस्टिकचा कागद यांनीं त्याची जागा घेतली. आज कित्येक ठिकाणीं कातरणावळ पदरची द्यावी लागते आणि लोकर बांधावर पडून राहते. लोकर मऊ व्हावी म्हणून मेरिनो व रॅम्बुले जातींचे संकर आपल्याकडे करून झाले. पण न्यूझीलंडांत मेरिनो व लिंकन यांच्या संकरांतून निघालेल्या कॉरिडेलला जें हिरवें कुरण मिळालें, तें आमच्या माळावर कोठून आणावें?

आतां मांसाचा हिशेब पाहूं. पंचवीस किलोंच्या मेंढीचें मांस सुमारें अकरा किलो पडतें. परंतु कळपाचें खरें उत्पन्न मेंढी विकून नव्हे, कोकरें विकून येतें. आणि दख्खनीची उणीव तेथेंच आहे. शंभर मेंढ्या व्याल्या तर कोकरें एकशेंतीन-चार, इतकीं तिच्यांत जुळीं क्वचित्.

या उणिवेवर फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें उपाय काढला. बंगालच्या सुंदरबनांत गारोल नांवाची दहा-पंधरा किलोंची ठेंगणी मेंढी आहे. तिला जुळीं सहज होतात. सन १७९२–९३ मध्यें बंगालच्या मेंढ्या जहाजांतून ऑस्ट्रेलियास गेल्या, व तेथील बुरूला मेरिनोचें बहुप्रसव जनुक त्यांच्यापासूनच आलें असें मानतात. तेंच जनुक फलटणच्या संस्थेनें गारोलकडून दख्खनी रक्तांत उतरविलें. ठेंगणेपणा मागें पडावा म्हणून पुनःपुन्हां दख्खनीशीं संकर केला. या वाणास ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. ज्या मेंढीला या जनुकाची एक प्रत मिळाली, तशा शंभर मेंढ्यांस दीडशेंच्या आसपास कोकरें होतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जनुकाचा गुण मादींत दिसतो; मेंढ्याकडे पाहून तो कळत नाहीं. म्हणून रक्ततपासणीचा दाखला पाहिल्यावांचून मेंढा घेऊं नये. दोन्ही प्रती असलेला मेंढा साध्या कळपांत सोडला कीं प्रत्येक कोकरास एक प्रत मिळतेच. मात्र त्या लेकींवर पुन्हां तसाच मेंढा सोडूं नये. दोन प्रतींच्या मेंढीला तिळींहि होतात, आणि तिळीं पोसण्याइतकें दूध माळावरच्या मेंढीला कोठचें!

जत भागांतील माडग्याळ मेंढीचाहि मोह पुष्कळांस पडतो. फुगीर नाकाडाचें, लांब कानांचें तें कोकरूं लवकर वाढतें यांत शंका नाहीं, पण त्याला खाऊं घालावें लागतें, आणि लोकर जवळजवळ नाहींच. ज्याच्या घरीं चारा आहे त्यानें तें अवश्य पाळावें. भटक्या कळपांत मात्र सरसकट माडग्याळ मेंढा सोडणें मला पटत नाहीं. दिवाळीनंतर घाट उतरून कोंकणांत जाणारा आणि पावसाआधीं परतणारा कळप दख्खनी पायांवर चालतो. वाटेंत ज्याच्या रानांत तो रात्रीं बसतो, त्यास लेंडीखत व मूत मिळतें. त्यासाठीं शेतकरी धनगरास धान्य किंवा पैसे देत आला आहे. हें खत देवनारच्या भावांत मोजलें जात नाहीं, पण आपल्या ज्वारींत दिसतें.

जुळीं घ्यावयाचीं ठरविलीं तर व्यावयाच्या आधीं महिना-दीड महिना मेंढीस थोडें धान्य किंवा पेंड चालूं करावी. जन्मतांच दोन्ही कोकरांस चीक मिळाला कीं नाहीं हें स्वतः पाहावें. अशक्त कोकरास शेळीचें दूध पाजावें. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी. आणि कोकरें विकतांना तराजू बरोबर न्यावा; नजरेच्या अंदाजांत नुकसान बहुधा विकणाऱ्याचेंच होतें.