आतून लागणारी कडी
(लेखमाला: शिक्षणसंस्था आणि सुरक्षा – लेखांक सहावा)

अमेरिकी पोलिसांच्या परिभाषेत ज्याला ‘ॲक्टिव्ह शूटर’ म्हणतात, म्हणजे गजबजलेल्या ठिकाणी शस्त्र घेऊन शिरलेला आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटलेला हल्लेखोर, तो दरोडेखोरापासून किंवा ओलीस धरणाऱ्यापासून एका मूलभूत बाबतीत वेगळा असतो. त्याची काही मागणी नसते, त्याला वाटाघाटी नको असतात आणि पुष्कळदा स्वतःची सुटकाही नको असते; त्यामुळे ओलीसनाट्यात जो वेळ पोलिसांच्या पथ्यावर पडतो तोच येथे त्यांच्या विरोधात जातो. एफबीआयने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2000 ते 2013 या काळातील अशा 160 घटना तपासण्यात आल्या, आणि ज्या 63 घटनांचा कालावधी निश्चित करता आला त्यांपैकी 44 घटना पाच मिनिटांत किंवा त्याहूनही लवकर संपल्याचे आढळले. पोलीस कितीही चपळ असले तरी ते पोहोचेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते, असा याचा अर्थ आहे. म्हणून तयारीचा खरा प्रश्न बंदुकीपेक्षा इमारतीचा, निरोपाचा आणि कार्यालयीन कामकाजाचा ठरतो. हे विधान कोरडे वाटले तरी 16 एप्रिल 2007 रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात जे घडले त्याचा तपशील पाहता ते टाळता येत नाही.

व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या लहान गावातल्या या विद्यापीठात त्या दिवशी 27 विद्यार्थी आणि पाच अध्यापक असे 32 जण मारले गेले. मृतांमध्ये जलशास्त्राचे मूळ तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, तशीच वास्तुशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला ही घटना केवळ परदेशातली बातमी म्हणून बाजूला सारता येणार नाही. हल्लेखोर त्याच विद्यापीठात इंग्रजी विषय घेऊन शिकणारा 23 वर्षांचा विद्यार्थी होता. सकाळी सव्वासातच्या सुमारास त्याने एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या, नंतर तो आपल्या खोलीवर परतला, त्याने कपडे बदलले, नऊ वाजून एक मिनिटाने गावच्या टपाल कार्यालयातून एनबीसी या वृत्तवाहिनीला एक पाकीट रवाना केले आणि मग तो नॉरिस हॉल या अभियांत्रिकीच्या इमारतीकडे वळला. तेथील गोळीबार 9 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास सुरू झाला. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या हल्ल्यात जवळपास अडीच तासांचे अंतर होते.

या अडीच तासांत विद्यापीठाने काय केले, हा पुढे चौकशीचा मुख्य विषय झाला. वसतिगृहातील प्रकार वैयक्तिक भांडणातून घडला असावा, असा पोलिसांचा कयास होता, आणि ज्याच्यावर संशय होता तो तरुण परिसराबाहेर असल्याने धोका टळला असे गृहीत धरले गेले. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल 9 वाजून 26 मिनिटांनी गेला. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली असून तपास चालू आहे, सर्वांनी सावध राहावे आणि संशयास्पद काही आढळल्यास कळवावे, इतकाच त्याचा आशय होता. दोघांना गोळ्या लागल्या आहेत आणि गोळ्या झाडणारा अजून मोकळा आहे, हे त्यात नव्हते. बंदूकधारी परिसरात मोकाट आहे, इमारतीतच थांबा आणि खिडक्यांपासून दूर राहा, असे स्पष्ट सांगणारा दुसरा निरोप 9 वाजून 50 मिनिटांनी निघाला, आणि त्यानंतर जेमतेम मिनिटभरात हल्लेखोराने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

राज्यपाल टिम केन यांनी राज्य पोलीस दलाचे निवृत्त प्रमुख जेराल्ड मॅसेन्गिल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आठ सदस्यांच्या समितीने या दिरंगाईवर बोट ठेवले, परंतु त्याचबरोबर शंभराहून अधिक इमारतींचे खुले विद्यापीठ शाळेसारखे कुलूपबंद करणे व्यवहार्य नव्हते, हेही तिने मान्य केले. समितीच्या अहवालातील सर्वांत बोलका तपशील मात्र वेगळाच आहे: विद्यापीठाच्या पोलिसांना सर्वांना एकाच वेळी निरोप धाडण्याची सोयच नव्हती. तो अधिकार वरिष्ठ प्रशासकांच्या धोरणगटाकडे होता, त्या गटात पोलीसप्रमुखांना स्थान नव्हते, आणि मजकुराचा खल चालू असताना घड्याळ थांबत नव्हते.

अमेरिकेत यासंबंधीचा मूळ कायदा 1990 चा असून तो क्लेरी कायदा या नावाने ओळखला जातो. 1986 मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात खून झालेल्या जीन क्लेरी या विद्यार्थिनीचे नाव त्याला पडले. परिसरातील गुन्ह्यांची माहिती जाहीर करणे आणि धोक्याची सूचना वेळेवर देणे या कायद्याने बंधनकारक होतेच, पण ‘वेळेवर’ म्हणजे नेमके केव्हा, याला पुष्कळ वाव होता. धोक्याची खातरजमा होताच विलंब न लावता आणीबाणीची सूचना दिली पाहिजे, ही तरतूद 2008 मध्ये, म्हणजे ब्लॅक्सबर्गनंतर, आली. केंद्रीय शिक्षण खात्याने 2011 मध्ये व्हर्जिनिया टेकला 55 हजार डॉलरचा दंड केला, अपिलांच्या फेऱ्यांनंतर तो खाली आला आणि 2014 मध्ये विद्यापीठाने अखेर 32 हजार 500 डॉलर भरले. रक्कम क्षुल्लकच म्हणायची, पण निरोप उशिरा धाडणे हा दंडास पात्र दोष आहे, हे तिने कायमचे ठरवून टाकले.

निरोप लवकर जाणे जितके महत्त्वाचे तितकेच त्यात काय असते हेही महत्त्वाचे आहे, कारण ‘सावध राहा’ या शब्दांवरून कोणालाच उठावे की बसावे हे कळत नाही. धोका कोणता, कोठे आणि वाचणाऱ्याने आत्ता करायचे काय, या तीन गोष्टी दोन ओळींत आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी मजकुराचे साचे आधीच तयार करून ते पाठवण्याचा अधिकार कर्तव्यावरील अधिकाऱ्याकडे असला पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहण्याचे जे काम केले, ते या तत्त्वाचे मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण होय.

नॉरिस हॉलमध्ये शिरल्यावर हल्लेखोराने प्रथम तीन मुख्य प्रवेशद्वारांना आतून साखळ्या घालून कुलपे लावली. एक विद्यार्थिनी वर्गाला जाण्यासाठी आली, तिने साखळी पाहिली आणि खिडकीतून चढून आत प्रवेश केला. बांधकाम वगैरे चालू असेल, अशी समजूत अशा वेळी किती सहज होते, हे यावरून दिसते. दारे उघडल्यास स्फोट होईल, अशी धमकी देणारी चिठ्ठी एका अध्यापकाला दाराशी आढळली, परंतु पोलिसांना फोन होण्याऐवजी ती तिसऱ्या मजल्यावरील अधिष्ठात्यांच्या कार्यालयात नेण्यात आली. विचित्र वस्तू दिसली की कागद वरच्या टेबलाकडे सरकवायचा, ही कोणत्याही मोठ्या संस्थेत मुरलेली सवय असते, आणि प्रशिक्षणाने मोडायची असते ती नेमकी हीच.

वर्गांच्या दारांना आतून बंद करण्याची सोय नव्हती. 205 क्रमांकाच्या खोलीतील विद्यार्थ्यांनी मोठे टेबल दाराशी लोटले आणि जमिनीवर आडवे होऊन ते हातापायांनी रेटून धरले. हल्लेखोराने दार ढकलून पाहिले, दारातून गोळ्याही झाडल्या, पण त्या खोलीत कोणालाही इजा झाली नाही. 207 मध्ये पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्यांनी, त्यांतील काही जखमी असतानाही, दार पायांनी दाबून धरले आणि तो परत आला तेव्हा त्याला आत येऊ दिले नाही. 204 मध्ये रुमानियात जन्मलेले, ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेले 76 वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू दार अडवून उभे राहिले, तेवढ्या अवधीत दहा विद्यार्थ्यांनी अमेरिकी मोजणीने दुसऱ्या, म्हणजे भारतीय मोजणीने पहिल्या, मजल्याच्या खिडकीतून खाली उड्या टाकल्या, आणि प्राध्यापक दारातच मारले गेले. लिब्रेस्कू यांचे शौर्य वंदनीय आहेच. परंतु साध्या कडीने जे काम व्हायला हवे होते ते एका वृद्ध माणसाच्या देहाला करावे लागले, हा इमारतीच्या रचनेवरचा ठपका त्या गौरवात झाकला जाऊ नये.

फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत 14 फेब्रुवारी 2018 रोजी 17 जण मारले गेले, तेव्हा हल्लेखोर एकाही वर्गात शिरला नाही. दाराच्या काचेतून जे दिसले त्यांच्यावर त्याने गोळ्या झाडल्या. दाराच्या काचेतून न दिसणारा खोलीचा कोपरा आधीच आखून तो सामानाने न भरता मोकळा ठेवावा, हा नियम तेथून अधिक आग्रहाने मांडला जाऊ लागला. कुलपाबाबत मात्र उत्साहाच्या भरात नवा धोका ओढवून घेण्याची शक्यता असते. अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार दार आतल्या माणसाला किल्लीविना, एकाच हालचालीत उघडता आले पाहिजे, आणि बाहेरून अधिकृत किल्लीने उघडण्याची सोयही असली पाहिजे. बाजारात मिळणारे अडसर आणि पाचरी या कसोटीला पुष्कळदा उतरत नाहीत. शिवाय पेनसिल्व्हेनियातील निकेल माइन्स येथील शाळेवर ऑक्टोबर 2006 मध्ये हल्ला करणाऱ्याने दारे अडवण्यासाठी फळ्या स्वतःच आणल्या होत्या, तेव्हा आत अडकवणारे साधन कोणाच्या हाती पडेल याची खात्री नसते.

व्यक्तीने काय करावे, याचे सूत्र ‘पळा, लपा, लढा’ असे सांगितले जाते. ह्यूस्टन शहराने 2012 मध्ये काढलेल्या चित्रफितीमुळे ते सर्वत्र रूढ झाले. टेक्सास स्टेट विद्यापीठातील प्रशिक्षण केंद्र तेच ‘टाळा, अडवा, प्रतिकार करा’ असे मांडते, आणि ही मांडणी अधिक नेमकी वाटते, कारण लपणे म्हणजे टेबलाखाली श्वास रोखून बसणे नव्हे, तर दार बंद करणे, अडथळा रचणे, दिवे मालवणे आणि मोबाइलचा आवाज घालवणे होय. सूत्रातील क्रम सक्तीचा नाही: बाहेरची वाट मोकळी असेल तर दप्तर, लॅपटॉप सोडून निघावे, नसेल तर दार अडवावे, आणि प्रतिकार हा दोन्ही वाटा खुंटल्यावरचा उपाय आहे. व्याख्यानांत मात्र रंगते ते नेमके हे तिसरे प्रकरण.

पोलिसांची पद्धत बदलली ती कोलोरॅडोतील कोलंबाइन येथील 20 एप्रिल 1999 च्या हल्ल्यानंतर. तोपर्यंत पहिल्या तुकडीने वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहायची अशी रीत होती, आणि त्या प्रतीक्षेत कोलंबाइनमधील एक जखमी शिक्षक काही तास रक्तस्राव होऊन मरण पावले. आता जे पोलीस प्रथम पोहोचतील त्यांनी थेट आवाजाच्या दिशेने जायचे असते. वाटेतील जखमींना ओलांडून पुढे जाणे हा त्या नियमाचाच भाग असतो, आणि बाहेर पडणाऱ्यांनी हात रिकामे व वर ठेवावेत ही अपेक्षा त्यातूनच येते. नियम लिहिलेला असणे आणि पाळला जाणे यांतील अंतर टेक्सासमधील युवाल्डी येथे 24 मे 2022 रोजी दिसले: 376 पोलीस जमले असूनही हल्लेखोर असलेल्या वर्गात शिरायला 77 मिनिटे लागली, आणि 19 मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. जखमींपर्यंत मदत उशिरा पोहोचते, हे गृहीत धरूनच 2015 पासून ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम हातापायाच्या जखमेवर दाब देणे आणि टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा, बांधणे सामान्य नागरिकांना शिकवते.

सरावाविषयी मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. इंडियाना राज्यातील एका शाळेत जानेवारी 2019 मध्ये शिक्षिकांना गुडघ्यांवर बसवून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडण्यात आल्या. त्यातून काही शिकले गेले असेल तर ते वेदनेपलीकडे फारसे नसावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये असे हुबेहूब, धक्का देणारे सराव मुलांवर लादू नयेत, अशी भूमिका घेतली. कडी कशी लागते, कोपरा कोणता, निरोप कोठे येतो, हे शांतपणे दाखवणारा सराव पुरेसा असतो.

हल्ल्याच्या कितीतरी आधीचा टप्पा म्हणजे धोक्याचे मूल्यांकन. व्हर्जिनिया टेकमधील हल्लेखोराच्या लेखनाने आणि वागण्याने इंग्रजी विभागातील अध्यापक अस्वस्थ झाले होते, निक्की जियोव्हानी यांनी त्याला आपल्या वर्गातून काढण्याचा आग्रह धरला होता, विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला स्वतंत्रपणे शिकवत वरिष्ठांना वारंवार कळवले होते, आणि डिसेंबर 2005 मध्ये न्यायालयीन अधिकाऱ्याने त्याला बाह्यरुग्ण म्हणून मानसोपचार घेण्याचा आदेशही दिला होता. विभाग, वसतिगृह, पोलीस आणि समुपदेशन केंद्र यांच्याकडे एकेक तुकडा होता, पण गोपनीयतेच्या कायद्याचा गरजेपेक्षा कडक अर्थ लावला गेल्याने ते तुकडे एकत्र आले नाहीत. त्या आदेशानंतर केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक मिळायला नको होती, परंतु राज्याने ती नोंद केंद्रीय यादीत पाठवलीच नाही आणि त्याने दोन पिस्तुले रीतसर विकत घेतली. 2008 मध्ये व्हर्जिनियाने सर्व सरकारी महाविद्यालयांना धोका-मूल्यांकन गट नेमणे बंधनकारक केले. अशा गटात कोण असावे, तक्रार आल्यावर त्याने काय करावे, आणि चमत्कारिक वागणाऱ्या पण निरुपद्रवी विद्यार्थ्याच्या वाट्याला नाहक संशय येऊ नये यासाठी कोणती काळजी घ्यावी, याचा विचार पुढील लेखांकात.