गोवर्धनची ठेव आणि बारा शब्द

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढून पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या ओसरीत जो घटकाभर विसावतो, त्याला भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांत आपण एका ठेवीचा दस्तऐवज पाहात आहो याची बहुधा कल्पना नसते. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले, आणखी १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले, मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे बजावले, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून तेथील दप्तरी नोंदवून घेतला. हिशेबाची हौस असलेल्याने ताळा करून पाहावा: २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते, वीस भिक्षूंत वाटले तर प्रत्येकी बारा कार्षापण येतात, आणि शिलालेखातही भिक्षूमागे बाराच सांगितले आहेत.

परवा नात्यातील एका तरुणाने, ‘काका, बिटकॉइन ठेवायला कुठलं वॉलेट घेऊ?’ असा प्रश्न टाकला, तेव्हा मला हा उषवदात आठवला. त्या तरुणाला एखाद्या कंपनीचे नाव हवे होते; मला मात्र राहून राहून वाटत होते की, साठवायचे किती, वापरायचे किती आणि ते कोणाच्या स्वाधीन करायचे, हे जसे त्या क्षत्रपाच्या जावयाने ठरविले, तसा विचार केल्यावाचून नुसते नाव सांगणे म्हणजे घर न पाहता कुलूप विकत घेण्यासारखे होईल.

मुळात वॉलेट, म्हणजे पाकीट, या शब्दानेच पुष्कळ घोटाळा करून ठेवला आहे. आपल्या पाकिटात नोटा असतात. या पाकिटात नाणे नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच खातेवहीच्या प्रती ठेवलेल्या असतात, कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन जमा आहे हे त्या वहीत कोणालाही वाचता येते, आणि त्या पत्त्यावरील रक्कम हलविण्याचा हुकूम ज्या गुप्त संख्येने सही करून देता येतो, ती संख्या, म्हणजेच खासगी किल्ली, तेवढी पाकिटात जपलेली असते. किल्ली ज्याच्याजवळ, रक्कम त्याची. वहीला मालकाचे नावगाव ठाऊक नसते, आणि चुकीची नोंद फिरवून देणारा कारकून अथवा फिर्याद ऐकणारा मामलेदारही तेथे नसतो.

म्हणून पहिला प्रश्न किल्ली कोणाकडे राहणार हा. बहुसंख्य लोक एक्स्चेंजवर, म्हणजे या नाण्याच्या खरेदीविक्रीच्या पेढीवर, खाते उघडतात, रुपये भरून नाणे विकत घेतात आणि तेथेच राहू देतात. म्हणजे ते पेढीवर ठेव ठेवतात, किल्ली पेढीची, ग्राहकाजवळ फक्त येणे. यात सोय निःसंशय आहे, कारण परवलीचा शब्द विसरला तर पेढी ओळख पटवून नवा देते. परंतु पेढीच अडचणीत आली म्हणजे काय होते, हे वझीरएक्सच्या ग्राहकांनी अनुभवले. भारतीय तरुणांनी उभारलेल्या या पेढीच्या एका पाकिटातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज चोरीस गेला. ते पाकीट एकाच्या सहीने उघडणारे नव्हते, त्यास अनेकांच्या सह्या लागत. कंपनीचे म्हणणे असे की, पडद्यावर जो व्यवहार दिसत होता त्याहून निराळ्याच व्यवहारावर प्रत्यक्षात सह्या झाल्या. त्यानंतर ग्राहकांना आपले नाणे काढता येईना, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले, आणि पेढीचा व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. या ठेवीला तसले काहीही नाही. उषवदाताने आपली रक्कम एकाऐवजी दोन श्रेणींत का विभागली, हे त्याने लिहून ठेवलेले नाही, पण मला त्यात व्यवहारचातुर्य दिसते.

दुसरा मार्ग किल्ली स्वतः बाळगण्याचा. मोबाईलमध्ये ॲप घेऊन ती बाळगता येते. हे पाकीट सतत इंटरनेटशी जोडलेले असल्यामुळे त्याला ‘हॉट’ म्हणतात, आणि बाजारात जाताना खिशात जेवढी रक्कम बाळगावी तेवढीच त्यात असावी. साठवणुकीसाठी पेनड्राइव्हएवढे स्वतंत्र यंत्र मिळते, त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. प्राग येथे तयार झालेले ट्रेझर हे या जातीचे पहिले यंत्र २०१४ साली विक्रीस आले. किल्ली यंत्राबाहेर कधी पडत नाही, सही आतल्या आत होते, आणि रक्कम कोणत्या पत्त्यावर चालली आहे हे यंत्राच्याच इवल्या पडद्यावर वाचून मग बटण दाबावयाचे असते. हे वाचण्याचा कंटाळा करू नये, कारण पाठवायचा पत्ता नकलून घेतला की तो परस्पर बदलून टाकणारे विषारी प्रोग्राम संगणकात दबा धरून बसलेले असू शकतात. असे यंत्र नेहमी उत्पादकाकडूनच घ्यावे. वापरलेले, स्वस्तातले, अथवा ज्याच्या डबीत शब्द आधीच लिहून आलेले आहेत असे घेऊ नये, कारण ते शब्द लिहिणाऱ्याजवळ तुमची किल्लीही असते.

हे शब्द म्हणजे या साऱ्या प्रकरणाचा गाभा. पाकीट प्रथम उघडताना ते बारा किंवा चोवीस साधे शब्द दाखविते. २,०४८ शब्दांच्या ठरीव यादीतून निघालेल्या त्या क्रमातून सगळ्या किल्ल्या पुन्हा उभ्या करता येतात. यंत्र मोडले, हरवले, तरी शब्द असतील तर रक्कम शाबूत. शब्द दुसऱ्याच्या हाती पडले तर यंत्र तिजोरीत असूनही रक्कम गेली. (इंग्रजी, जपानी, स्पॅनिश, चेक अशा भाषांत या प्रमाण याद्या आहेत, मराठीत नाही, त्यामुळे आपल्या आजीबाईंना हे शब्द इंग्रजीतच उतरवून घ्यावे लागतील.) त्यांचे मोबाईलवर छायाचित्र काढू नये, स्वतःला ईमेल करू नये, आणि ‘खाते पडताळण्यासाठी शब्द सांगा’ असे म्हणणारा चोर समजावा. कागदावर लिहावेत हे खरे, परंतु गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले की सराफ बाजारातील दुकानदारांची माल हलविण्याची जी धांदल उडते, ती पाहिलेल्या नाशिककराला कागदाच्या आयुष्याविषयी अधिक सांगायला नको. पोलादी पट्टीवर अक्षरे ठोकून ठेवण्याची सोयही मिळते.

खर्चाचे प्रकरण लवकर आटोपते. या नाण्याने चहाचे पैसे देणे आपल्याकडे हौसेपलीकडे फारसे काही नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या हस्तांतरणावर एक टक्का उगमकरही कापला जातो. नाणे देऊन वस्तू घेणे हेही कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरणच, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीमागेही नफ्यातोट्याची नोंद आली. तिकडे शेजारचा भाजीवाला यूपीआयचा चौकोन टांगून बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारासाठी प्रायोगिक स्वरूपात काढलेला डिजिटल रुपयाही पाकिटातच राहतो, पण तो क्रिप्टो नव्हे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून छापल्या जाणाऱ्या नोटांचाच तो बिनकागदी भाऊ आहे. तेव्हा माझ्या मते येथील वाचकाने खर्चाच्या पाकिटासाठी डोके शिणवू नये. परदेशी असलेल्या मुलाला तेथे त्याचा उपयोग होत असेल, तर त्याने थोडी रक्कम मोबाईलमध्ये ठेवावी.

राहिला वारसांचा प्रश्न. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सारी नहपानाची, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला. पुरणाऱ्याला ती परत काढता आली नाहीत, आणि कोठे पुरली हे ज्याला ठाऊक असेल असा कोणीही मागे उरला नसावा. ती निदान नांगराला, कुदळीला लागू शकत होती. बारा शब्द लागत नाहीत. म्हणून मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, परंतु ते कोणत्या लॉकरात आहेत आणि यंत्र कोठे आहे एवढे लिहावे, आणि घरातील एका शहाण्या माणसाला त्यांचा उपयोग दाखवून ठेवावा.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच सांगितले की, ‘यंत्र घे, पाचशे रुपयांएवढे नाणे त्यात टाक, मग यंत्र कोरे करून केवळ कागदावरच्या शब्दांवरून ते पुन्हा उभे कर, जमले तर पुढे बोलू.’ रविवारी तो आला तेव्हा चेहरा पडलेला होता. सातव्या आणि आठव्या शब्दांची त्याने अदलाबदल केली होती, आणि हे उमजायला त्याला दोन रात्री लागल्या होत्या.