भालू ओरडली म्हणजे वाघ आला का?



भालू ओरडली की वाघ जवळ आहे असे समजावे, हे पाटणच्या खोऱ्यात किंवा शिराळ्याच्या डोंगरकडेला कुणाला शिकवावे लागत नाही. जेवणे उरकून माणसे अंगणात टेकलेली असतात, डोंगराच्या अंगाने एक लांबट, चिरका, एकसुरी आवाज येतो, आणि घरातली म्हातारी म्हणते, "भालू वरडली गं, वासरं आत घ्या." भालू म्हणजे काय असे विचारले तर उत्तर तयार असते. ती वाघाच्या पुढे चालते, त्याला शिकार दाखवते आणि त्याच्या उष्ट्यावर जगते. कुणी सांगतो ती कोल्ह्याहून लहान, कुणी सांगतो थोराड. ज्या घराकडे तोंड करून ती ओरडेल त्या घरचे माणूस जाते, असेही सांगणारे आहेत. कामगार संघटनेच्या कामासाठी आम्ही सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे तीस वर्षे पायाखाली घातले. भालू ऐकलेली माणसे आम्हाला शेकड्यांनी भेटली. भालू पाहिलेला माणूस मात्र नेहमी शेजारच्या गावचा असतो, आणि बहुधा तो वारलेला असतो.

आता खरी गोष्ट अशी की भालू नावाचे निराळे जनावर नाही. तो आपला साधा कोल्हा. एरवी तो कळपाने कोल्हेकुई करतो. वाघबिबट्यासारखे मोठे जनावर जवळ वावरताना दिसले की तोच कोल्हा त्या विशिष्ट सुरात ओरडतो. साहेबाच्या अमदानीतल्या शिकाऱ्यांनी दख्खनच्या लोकांच्या तोंडचा 'भालू' हाच शब्द आपल्या पुस्तकांतून टिपून ठेवला आहे. म्हणजे म्हातारीने ऐकलेला आवाज खरा होता, आणि वासरे आत घेण्याचा तिचा सल्लाही बरोबर होता. चुकीचे होते ते आवाजाला चिकटलेले जनावर. ऐकणे एक आणि ऐकलेल्याला नाव देणे दुसरे. नाव दिले रे दिले की त्या नावाची सगळी कहाणी फुकटात घरात येते, आणि मग खात्री बसते ती कहाणीवर.

आमच्या धंद्यात हा फरक रोज उपयोगी पडतो. कामगाराची खात्याअंतर्गत चौकशी लागते तेव्हा साक्षीदार उभा राहून सांगतो, "यानं चोरी केली, सर्वांना ठाऊक आहे." आम्ही विचारतो, "तुम्ही काय पाहिलंत?" तो म्हणतो, "पिशवी घेऊन जाताना पाहिला." पिशवी पाहिली. चोरी पाहिली नाही. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले नाही, जे शिकलो ते नगरवाचनालयात आणि या चौकशांत. पण एवढे एक त्यातून पक्के झाले की माणसाची खात्री मोजायची असेल तर आधी ती पिशवीची आहे की चोरीची, हे वेगळे काढावे लागते.

याच कसोटीने 'वाघ' हा शब्द पाहू. आपल्याकडे वाघ म्हणजे काय? पट्टेरी वाघ हाही वाघ आणि बिबट्या हाही वाघ. डोंगरातला माणूस दोघांनाही वाघरू म्हणतो. फारच खोलात गेले तर ढाण्या की बिबट्या असा प्रश्न निघतो. वनखात्याच्या कागदावर मात्र ही दोन जनावरे वेगळी, त्यांच्या नोंदी वेगळ्या. या एका शब्दापायी काय घडते त्याचा एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी वाळव्याकडे ऊसतोडणीच्या एका टोळीने फडात शिरायला नकार दिला. पहाटेच्या अंधारात एका बाईने वाघ पाहिला होता. मुकादमाचे म्हणणे, उचल घेऊन झाली, आता ही कामचुकारपणाची सोंगे. कारखान्याच्या शेती ऑफिसातल्या साहेबाने फोनवर चौकशी केली आणि निकाल दिला की या भागात वाघ नाही, तशी नोंदच नाही. रजिस्टरात शब्द पडला, 'अफवा'. आम्ही त्या बाईपाशी बसलो. वाघ बाजूला ठेव, दिसलं काय ते सांग, म्हटले. ती म्हणाली, पाठ दिसली, लांब शेपूट दिसली, उंचीला आमच्या कुत्र्याच्या दीडपट असेल, आणि पाचटाचा आवाज न करता ते उसात गेले. पट्टे की ठिपके? अंधारात कळले नाही. हे वर्णन कुणाचे ते ऐकणाऱ्याला कळायला हरकत नव्हती. चौथ्या दिवशी तोडणी पुढे सरकली तशी सरीत बिबट्याची दोन पिल्ले मिळाली. म्हणजे साहेबाचे 'वाघ नाही' हे अक्षरशः खरे होते, आणि बाईचे 'वाघ आहे' हेही जिवाच्या हिशेबाने खरे होते. वाद एका शब्दाचा होता, पण तो साहेबाच्या बाजूने सुटला आणि चार दिवस लहान मुले कोप्यांच्या दारात त्या फडाशेजारीच झोपली.

ऊस वर्षभर उभा असतो, त्यात पाणी, डुकरे, भटकी कुत्री सगळे मिळते, म्हणून बिबट्याची मादी फडातच वीते. कऱ्हाड, वाळवा, शिराळा इथल्या शेतकऱ्याला हे आता नवे नाही.

डोळ्यांवर भरवसा नको तर पंजाच्या ठशावर ठेवावा, असे कुणी म्हणेल. ठसा हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याचीही उलटतपासणी घ्यावी लागते. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखे उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून बिबट्या व वाघ यांच्या ठशात ती दिसत नाहीत. इथपर्यंत ठीक. पण ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि बिबट्याचा पंजा पाहता पाहता वाघाचा होतो. हिमालयातल्या यतीची कीर्ती अशीच वाढली. १९५१ साली एरिक शिप्टन या गिर्यारोहकाने बर्फातल्या एका मोठ्या पावलाचा फोटो काढला आणि जगभर गाजावाजा झाला. बर्फातला ठसा उन्हाने वितळून रुंदावतो, हे ध्यानात घ्यायला फारसे कुणी तयार नव्हते. पुढे यतीचे म्हणून जपलेले केस, हाडे, कातडी असे नऊ नमुने शास्त्रज्ञांनी तपासले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा. तरी २०१९ साली आपल्या लष्कराने मकालूच्या पायथ्याजवळची पावले यतीची म्हणून जाहीर केलीच! तेव्हा अडाण्यांचीच समजूत चुकते असे कुणी मानू नये.

ठशांवर सरकारनेही भरवसा ठेवला होता. काचेवर पंजा गिरवून वाघ मोजण्याची पद्धत आपल्या देशात कित्येक वर्षे चालली. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००४ साली कागदावर पंधरांहून अधिक वाघ होते. २००५ साली उघड झाले की तिथे एकही उरलेला नाही, चोरट्या शिकाऱ्यांनी सगळे संपवले. त्यानंतर मोजणीची रीत बदलली आणि जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. माणसाच्या अंगठ्यासारखेच ते.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली जाहीर झाली. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. धरणाच्या पाण्याने काही गावे आधीच उठवली होती, अभयारण्याने आणखी उठवली. माणसे खाली वसाहतींत आली. जमीन मिळाली त्यांना पाणी नाही, पाणी आहे तिथे सातबारा नाही, अशा तक्रारी घेऊन ती वर्षानुवर्षे ठिय्या देत बसली. त्यांच्या बैठकांतून आम्ही एक सवाल पुष्कळदा ऐकला: "आमाला वाघासाठी उठवलं. वाघ कुटं हाय?"

सवाल बिनतोड होता. २०१० नंतर आठ वर्षे प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात वाघ आला नाही. पंजाचे ठसे मिळत, विष्ठेच्या तपासणीत वाघाची खूण लागे, पण चेहरा नाही. शहरात थट्टा चाले की हा वाघ कागदावरचा. गंमत अशी की खालच्या वसाहतीतली म्हातारी माणसे, म्हणजे ज्यांना वाघ नाही असे सिद्ध होण्यात फायदा होता तीच, वाघ आहे असे सांगत. आपल्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष कोर्टात वजनदार धरतात. मुंबईत गिरणीत राबून आलेल्या गाववाल्यांची तऱ्हा निराळी. लालबाग-परळच्या खोल्यांतून जे वाघ डरकाळ्या फोडत ते डोंगरातल्या वाघांपेक्षा नेहमीच मोठे असत. रानापासून माणूस जितका लांब, तितकी त्याची खात्री पक्की, हा आमचा अनुभव आहे.

२०१८ सालच्या मे महिन्यात कॅमेऱ्यापुढून वाघ गेला. ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती त्यांचा शब्द खरा ठरला. पण इथेही पिशवी आणि चोरी वेगळी करावी लागते. एका फोटोने एवढेच सिद्ध होते की एक वाघ एका रात्री इथून गेला. तो इथे राहतो हे त्याने सिद्ध होत नाही, आणि वाघ इथे नांदतात हे तर मुळीच नाही. राधानगरी, गोवा आणि कर्नाटकातल्या काळी नदीच्या रानापर्यंत डोंगराची सलग वाट आहे, आणि तरुण नर नव्या मुलखाच्या शोधात त्या वाटेने खूप लांब भटकतो. २०२३ सालच्या डिसेंबरात पुन्हा वाघ टिपला गेला आणि पुढे तीन नरांची नोंद झाली. मादी नाही. नुसत्या नरांनी वंश चालत नाही, म्हणून २०२५ सालच्या नोव्हेंबरात चंद्रपूरकडच्या ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

'आहे' सिद्ध करायला एक फोटो पुरतो. 'नाही' हे कसे सिद्ध करणार? किती रात्री, किती वाटा पाहिल्या म्हणजे नाही म्हणावे? आणि पाहणी योग्य ठिकाणी झाली का? याला आपल्या महाराष्ट्रातलाच एक दाखला आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड. त्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा, त्यानंतर पक्षी कुणाच्या दृष्टीस पडला नाही. सलीम अलींसारख्या जाणत्यांनी शोधूनही सापडला नाही आणि बहुतेकांनी तो नामशेष धरला. मधल्या काळातला एकच नमुना होता, रिचर्ड मायनर्टझागेन या लष्करी साहेबाचा. चिठ्ठीवर गुजरात आणि १९१४ साल. ती चिठ्ठी खोटी निघाली! डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला जुना पक्षी साहेबाने ब्रिटिश संग्रहालयातून लांबवला होता आणि पुन्हा भरून आपल्या नावावर केला होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्या खोट्या चिठ्ठीला बाजूला सारून खऱ्या जुन्या नमुन्यांची ठिकाणे धरली, आणि १९९७ सालच्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा तिच्या व तिच्या दोन सोबत्यांच्या डोक्यावर फांदीवर बसलेला मिळाला. एकशेतेरा वर्षांनी. मोठ्या हुद्द्याच्या माणसाची लेखी साक्ष खोटी होती, म्हणून तिला कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता असे नाही. हुद्दा मोठा होता, म्हणून फार उशिरा विचारला.

मग माणसाने किती खात्री झाल्यावर हालचाल करावी? आमच्या मते याचे एकच माप सगळ्यांना लागू होत नाही. चूक झाली तर भुर्दंड कुणाला, हे पाहावे. फडाशेजारी कोपीत तान्हे मूल घेऊन झोपणाऱ्या बाईला शंभरात पाच हिश्श्यांची शंका पुरे. शंका फुकट गेली तर एका रात्रीची झोप गेली, शंका दुर्लक्षिली तर मूल गेले. तिला पुरावा मागणे हे निर्दयपणाचे आहे. उलट एखादे गाव उठवायचे असेल तर भुर्दंड गावाचा आणि निर्णय साहेबाचा, तिथे पुराव्याची रास मोठीच मागितली पाहिजे. रान राखले गेले हे बरेच झाले, कोयना-वारणेचे पाणी त्याच रानातून येते, आणि रान राहिले नसते तर २०१८ चा वाघ आलाच नसता. पण ज्यांनी किंमत मोजली त्यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

वाळव्याच्या त्या प्रसंगानंतर आमच्या संघटनेने टोळ्यांच्या मुकादमांकडे शंभर पानी वह्या दिल्या. वहीत रकाने चार. कुठे, किती वाजता, काय दिसले किंवा ऐकू आले, आणि सोबत कोण होते. कोणते जनावर असा रकाना मुद्दाम ठेवला नाही. ते वनखात्याच्या माणसाने ठरवावे. नोंद पडली की त्या दिवशी कोप्या उभ्या उसापासून लांब हलवायच्या, मुले मधल्या कोपीत घ्यायची आणि कारखान्याने रात्रभर दिवा द्यायचा, अशी आमची मागणी आहे. वह्या भरत आहेत. दिव्याची मागणी तीन हंगाम शेती ऑफिसात पडून आहे.