काळं हेड, सोनेरी वेल

रावेतमध्ये आमच्या सोसायटीजवळ एक कॅफे आहे. तिथल्या टेबलांना पायमशीनचे बिडाचे स्टँड लावलेत. वर काच, खाली जाळीचं पायडल. चहा घेताना माझा पाय आपसूक त्या पायडलवर जातो आणि दर वेळी काळजात काहीतरी अडकतं, कारण ते तारेनं आवळून टाकलंय, हलतच नाही. माझ्या आईनं असंच एक पायडल तीस वर्षं हलवलं. आमच्या फिया, वह्या, पावसाळ्यातल्या चपला सगळं त्यातून निघालं.

म्हणून वरच्या मजल्यावरची शेजारीण जेव्हा मला विचारायला आली, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तिला घरी ब्लाऊज शिवायला सुरुवात करायची होती. सासरी गावाकडे माळ्यावर आजेसासूबाईंचं सिंगर पडून होतं. दुसरीकडे पिंपरीच्या दुकानात तिनं अगदी तसंच दिसणारं नवं मशीन पाहिलं होतं. तेच काळं हेड, तीच सोनेरी वेलबुट्टी. "काकू, जुनं घेऊ की जुन्यासारखं नवं?"

परदेशात या प्रश्नाचं उत्तर सोपं असावं. तिथे जुन्यासारखं नवं म्हणजे बहुधा नुसतं रूप. सिंगरनं २०११ साली आपल्या १६० वर्षांच्या निमित्तानं काळं-सोनेरी मॉडेल काढलं, पण आत सगळा आजचा, विजेवरचा कारभार. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. लुधियान्यात आज तयार होणारं काळं हेड ही जुन्याची आठवण म्हणून केलेली नक्कल नाही. ते मशीन बनायचं कधी थांबलंच नाही.

त्याला कारागीर '१५ क्लास' म्हणतात. सिंगरचा हा आराखडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. सुई दोरा खाली नेते आणि परत वर येताना दोऱ्याचा छोटा फास सोडते. अर्धवट फिरून मागे येणारं शटल तो फास टोकानं पकडतं आणि गोल बॉबीनच्या भोवती ओढून नेतं. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. सगळी टीप एवढ्यावर उभी आहे. पेटंटं संपल्यावर हा आराखडा जगाचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी त्याची मापं ठरवून घेतली, एकाचा भाग दुसऱ्याला बसेल अशी. आपल्याकडे त्याआधीच, १९३०च्या दशकात, कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' काढलं होतं. पुढे लुधियान्यात छोट्यामोठ्या कारखान्यांची रांग लागली. म्हणून आज बोहरी आळीत, पिंपरी कॅम्पात किंवा तालुक्याच्या बाजारात '१५ची बॉबीन द्या' म्हटलं की दुकानदार मागे वळूनही न बघता बरणीत हात घालतो.

जुन्या सिंगरचं मोल मला कमी करायचं नाही. ती मशीनं बहुतेक स्कॉटलंडमधून यायची, ग्लासगोजवळच्या क्लाईडबँकमधून. एकट्या १९१३ साली त्या कारखान्यातून १३ लाखांच्या वर मशीनं बाहेर पडली. कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. हिंदुस्थानात ती घरोघर नेण्याचं काम नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटानं वाढवलं. हप्त्यानं मशीन द्यायची सिंगरची रीतही इथे आली, आणि कित्येक घरांत बायकोच्या नावावर आलेली पहिली मोठी वस्तू हीच असेल.

शिवणयंत्राचं हे मोल गांधीजींनीही ओळखलं होतं. १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका संभाषणात, यंत्रांना तुमचा विरोध आहे का, या प्रश्नावर त्यांनी शिवणयंत्राचा सरळ अपवाद केला. बायको हातानं शिवताना थकते हे पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. सिंगरचा खरा इतिहास तसा नाही. १८५१ साली पेटंट घेणारा हा माणूस नट होता, त्याचे संसार अनेक होते आणि त्याला पैसा हवा होता. एलियस हाउचं १८४६ सालचं पेटंट वापरल्याबद्दल त्याला हाउला रॉयल्टीही द्यावी लागली. तरी मला गांधीजींचं म्हणणं पटतं. यंत्र कोणी कशासाठी केलं यापेक्षा ते कोणाच्या पायाखाली आलं, याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

तर गावाकडचं हेड रावेतला आलं. पोत्यात गुंडाळलेलं, गाडीच्या डिकीत. आमच्या इमारतीत आकुर्डीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आहेत, त्यांनाही बोलावलं. कारखान्यांच्या या पट्ट्यात हे एक सुख आहे, दर दुसऱ्या घरात बीड आणि पोलाद हातानं ओळखणारा माणूस सापडतो. जुनं मशीन कसं बघावं हे त्या दुपारी मी त्यांच्याकडून पुन्हा शिकले.

त्यांनी आधी चाकाला हात लावलाच नाही. "अडकलेलं असेल तर जोर करायचा नाही," म्हणाले. प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे थेंब सोडले आणि मशीन रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाक एका बोटानं फिरवलं. कुठे जड लागतं, कुठे सुटतं, हे त्यांचे डोळे मिटलेले असतानाही त्यांना कळत होतं. मग सुईची दांडी चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिली. ती खेळत असेल तर टीप कधीच सरळ पडत नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरून नख फिरवलं, बोथट आहेत का बघायला. शेवटी शटलचं टोक भिंगातून पाहिलं. गंजानं तिथे खड्डा पडला असेल तर दोरा दर वेळी तिथेच तुटतो.

आतून पिवळट, चिकट थर निघाला. खोबरेल! कित्येक घरांत मशीनला खोबरेल घालतात आणि मग थंडीत मशीन जड चालतं म्हणून देवाला दोष देतात. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. पुण्याच्या डिसेंबरात ते मशीनच्या सांध्यासांध्यांत मेणासारखं बसतं. मशीनचं तेलच घालावं. आणि एक कळकळीची विनंती, काळं हेड चकचकीत करायला स्पिरिट लावू नका. जुन्या सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि शंभर वर्षांची वेलबुट्टी फडक्यावर उतरते.

धूळ पुसल्यावर नक्षी दिसली. पंख असलेले सोनेरी स्फिंक्स! खांबाजवळ पट्टीवर ठोकलेला क्रमांक 'एफ'ने सुरू होत होता, म्हणजे क्लाईडबँकचं, १९१० नंतरच्या दीड दशकातलं. शेजारणीचा चेहरा खुलला होता. मी खालची सरकती पट्टी ओढली आणि माझं मन खट्टू झालं. आत गोल बॉबीन नव्हतीच. बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल, त्यात सळईसारखी लांब बॉबीन. हे '१५ क्लास' नव्हे, त्याहून जुन्या पद्धतीचं मशीन. त्याची टीप सुरेख असते, पण त्या लांब बॉबीन शोधायला बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात खेटे घालावे लागतात. हेच हेड '१५'चं असतं तर मी तिला दुकानाची पायरीही चढू दिली नसती. पण दिवाळीच्या आधी रोज चार ब्लाऊज द्यायचे असणाऱ्या बाईला सुट्या भागांसाठी वणवण परवडत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं.

म्हणून पिंपरीत गेलो. नव्या हेडमध्येही उजवं-डावं असतं, आणि ते रंगावरून किंवा नक्षीवरून कळत नाही. फिटरकाकांनी तीन हेडं काऊंटरवर ठेवायला लावली आणि तिन्हींची चाकं बोटानं फिरवली. एकाचा खालचा दांडा घासत होता. दुसऱ्याची दाबपट्टी तिरकी बसत होती. तिसरं निवडलं. त्यावर दुकानातच मलमलचा तुकडा आणि जीन्सच्या आठ घड्या अशा दोन्हींवर टीप मारून पाहिली. मलमल गोळा झाली नाही, जीन्सवर टाका चुकला नाही.

विजेवरच्या, प्लास्टिक अंगाच्या मशीनचाही मी विचार करायला सांगितला होता. टी-शर्टसारखं ताणणारं कापड शिवायचं असेल किंवा मशीनवर काज करायची असतील तर झिगझॅग लागतो आणि काळ्या हेडला तो येत नाही. गारमेंटच्या कामाला मिनिटाला पाच हजारांच्या आसपास टाके घालणारी जुकी किंवा जॅकसारखी मशीनं आहेत. ब्लाऊजला मात्र सरळ टीप पुरते. आणि सुती ब्लाऊजच्या कटोरीचं वळण घेताना पायानं जो वेग सांभाळता येतो, तो मला मोटरवर कधी जमला नाही.

नवा स्टँड घ्यायची गरज पडली नाही. सिंगरच्या पूर्ण आकाराच्या जुन्या मशीनांचं बूड आणि आजच्या १५चं बूड एकाच मापाचं असतं. मागच्या बिजागऱ्यांमधलं अंतरही तेच. गावाहून आजेसासूबाईंचा स्टँड आणवला, त्याच्या दोन स्क्रूंवर लुधियान्याचं हेड बसवलं आणि ते तसूभरही हललं नाही. जुनं हेड तिनं खिडकीत ठेवलंय, तेल घालून, स्फिंक्सचं तोंड बाहेर करून. सणाच्या आधी परकराची किनार त्यावर घालणार म्हणते.

चामड्याचा पट्टा नवा आणला होता. चाकावरून ओढला, भोक पाडलं, हुक अडकवला. तिनं पायडलवर पाय ठेवला. दोनतीनदा चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला, ती हसली, मग लय सापडली. पट्टा जरासा सैल वाटत होता. काकांनी अर्धा इंच कापून पुन्हा जोडला.