शाळेत संगीत नाटक बसवताना

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. एरवी सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसतात. यंदा आमच्या शाळेने ‘संगीत शारदा’ घेतलं आहे आणि मुली शाळेत एवढा वेळ थांबून करतात काय, असं घरोघरी विचारलं जातंय. म्हणून आज तेच सांगते.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो, ही त्याची गोष्ट. तेव्हा शारदेचं काम पुरुषच करत. आमच्याकडे भुजंगनाथच नववीतली मुलगी आहे आणि मिशी चिकटवली की तिची चालसुद्धा बदलते!

“हे जुनं झालं, आता कुठे असं होतं?” असं एका पालकांनी विचारलं. पण पहिल्या वाचनाला वर्ग एकदम गप्प झाला होता. दहावी होताच लग्न लागलेल्या मुली या मुलींच्या ओळखीत आहेत. नावं मी इथे घेणार नाही. त्या दिवशी नाटक बाजूला ठेवून आम्ही कायद्यावर बोललो. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचं वय १८ पूर्ण नसेल तर तो बालविवाह, आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक. तो आता मुलींच्या वहीत संवादांच्या शेजारी लिहिलेला आहे.

आता तालमीबद्दल. मूळ नाटक फार लांब. आम्ही ते सव्वा तासावर आणलं आणि थोडीच पदं ठेवली. मैत्रिणी म्हाताऱ्याची टर उडवतात ते पद मात्र सोडलं नाही, कारण त्यात वीस जणींना गाता येतं. आधी पदं नुसती कविता म्हणून वाचायची. अर्थ कळला की मगच चाल. बसून छान गाणारी मुलगी चालत गायला लागली की तिचा दम तुटतो, म्हणून आम्ही मैदानाला फेरी मारत पदं म्हणवून घेतो. बघणाऱ्यांना हसू येतं, पण श्वास कुठे घ्यायचा हे तिथेच कळतं.

पट्टी हा सगळ्यात नाजूक भाग. मुलींना काळी चार, पांढरी पाच सोयीची पडते; मुलांना ती झेपत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो आणि हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या दिवसांत ओरडून वरचा सूर लावायला लावू नये. कोदंडाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज मध्येच चिरकू लागला, तेव्हा त्याची दोन पदं आम्ही संवादांत बदलली. त्याच्या आईला वाईट वाटलं, पण गळा त्याला जन्मभर वापरायचा आहे.

तयार ट्रॅकवर गायचं का, यावर शिक्षकखोलीत वाद झाला. माझं मत पेटीच्या बाजूने. मुलगी ओळ विसरली तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक थांबत नाही. गणिताचे सर पडदा ओढतात आणि मराठीच्या बाई विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग करतात.

परवानगीबद्दलही विचारणा झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनाचा हक्क संपतो आणि देवल १९१६ साली गेले. नाटक नव्या लेखकाचं असेल तर मात्र जपून. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी ते फक्त शाळेतली मंडळी आणि पालकांपुढे केलं तर कायदा सूट देतो; तिकीट लावून गाव बोलावलं किंवा मोबाईलवरून जगभर पसरवलं तर लेखकाला विचारायलाच हवं.

तालीम पाचला संपते. थंडीत लवकर अंधारतं, म्हणून लांबच्या मुली गट करून निघतात आणि एक शिक्षिका त्यांना एसटी मिळेपर्यंत स्टँडवर थांबते. नऊवारी आणि खोटे दागिने घरूनच आणायचे. खरं सोनं कृपा करून देऊ नका. नऊवारी नेसवायला आणि पिना लावायला चार आया हव्या आहेत.

राहिला वन्स मोअर. संगीत नाटकात तो येणारच आणि मुली आतापासून त्याची वाट बघताहेत. मुख्याध्यापकांनी एकालाच परवानगी दिली आहे, तोही वीस जणींच्या पदाला.