लेस विणणारी पेंढ्याची उशी

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळी, काल्हेर मागे पडले की पूर्णा गाव लागते. गोदामांमुळे ओळखला जाणारा हा परिसर मूळचा भातशेतीचा, तर शेजारची भिवंडी यंत्रमागांची. पेंढा आणि कापड येथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. मात्र पेंढ्याच्या आधारावरच वस्त्र विणता येते, हे ऐकून भिवंडीकरांनाही नवल वाटेल. बॉबीन लेस या जाळीदार हातविणीत मागाचे काम करते ती पेंढा ठासून भरलेली उशी.

युरोपात सोळाव्या शतकात बहरलेली ही कला मिशनऱ्यांबरोबर भारतात आली. १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट यांनी नागरकोइल येथे मुलींना ती शिकविण्यास आरंभ केला. त्रावणकोर संस्थानात गुलामगिरी १८५५ मध्ये संपुष्टात आली; त्यापूर्वीच लेसच्या कमाईतून काही मुलींनी आपले स्वातंत्र्य विकत घेतले होते.

यंत्रमागावर ताण्याचे सूत बीम ताणून धरते. लेसला अशी चौकट नसते. नक्षीचा जाड कागद उशीवर बसवतात, लाकडी बॉबीनवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून ओलांडतात, पिळतात आणि ठरलेल्या जागी टाचणी खोचतात. टाचणी कलली की धागा सैल पडतो आणि जाळी बिघडते. म्हणूनच ही उशी डोके टेकण्याच्या उशीसारखी मऊ असून चालत नाही.

उशीसाठी घट्ट विणीच्या सुती कापडाची पिशवी शिवून एका बाजूस तोंड मोकळे ठेवतात. इंग्लंडमध्ये गव्हाचे वा ओटचे काड वापरण्याची प्रथा होती. भाताचा पेंढा घ्यायचा झाल्यास पाती काढून केवळ काड्या घ्याव्यात. काड पूर्ण वाळवून, धूळ झटकून, सुमारे सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे करतात. मूठमूठ भरायचे, लाकडी दांड्याने ठासायचे, पुन्हा भरायचे, असे बराच वेळ चालते. उशी भरली असे वाटले, तरी मोगरीने ठोकल्यावर आत आणखी जागा होते. अंगठा दाबूनही खळगा पडेनासा झाला की तोंड शिवतात.

एवढ्या कष्टांचे कारण काडाच्या गुणातच आहे. आडवेतिडवे दाबलेले तुकडे टाचणीला चहूबाजूंनी आवळतात आणि टाचणी काढताच छिद्र पुन्हा मिटते. हल्ली फोमचे हलके ठोकळे सर्रास वापरले जातात; पण त्याच जागी वारंवार टोचल्यास तेथील पकड सैल होत जाते.

पेंढ्याच्या उशीचा शत्रू एकच, ओल. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात काडाला बुरशी येऊ शकते, लोखंडी टाचण्या गंजून धाग्यावर डाग पडतात. त्यामुळे पितळी टाचण्या वापरणे आणि उशी कोरड्या जागी झाकून ठेवणे हिताचे. एवढी काळजी घेतली, तर एकदा ठासून भरलेली उशी वर्षानुवर्षे साथ देते.