कट चुकला की कमाई शून्य

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात गोल्फ कोर्स नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर लागतात. तेवढ्यात इथे धानाच्या किती बांध्या बसतील!

तरीही या खेळावर पोट भरणारं एक मराठी नाव आहे: पुण्यातून खेळणारा उदयन माने. त्याचं घर चालत आलं ते मुख्यतः देशांतर्गत पीजीटीआय टूरवर. तिथला हिशेब रोकडा: स्पर्धा बहुधा चार दिवसांची, दोन दिवसांनी ‘कट’, म्हणजे मागे पडलेले बाहेर. त्यात बसलात तर बक्षिसाचा वाटा; नाही तर प्रवास, हॉटेल, बॅग वाहणारा कॅडी सगळं स्वतःच्या खिशातून.

टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुष गोल्फच्या जागा 60 आणि माने राखीव यादीत. जुलै 2021मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिल्योने माघार घेतली आणि मानेची वर्णी लागली. कासुमिगासेकीच्या मैदानावर पहिल्या दिवशी 76 फटके, पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) पाच जास्त. एरवी अशा फेरीनंतर बॅग भरायची वेळ येते. ऑलिंपिकमध्ये मात्र कट नसतो (बक्षिसाचे पैसेही नसतात). दुसऱ्या दिवशी त्याने 69 काढले. चार फेऱ्यांअखेर क्रमांक 56वा. भारताचा दुसरा गोल्फर, पुण्यातच जन्मलेला अनिर्बान लाहिरी 42वा.